मोसिन की ली-एनफिल्ड: एकच ठेवायची तर

रशियन मोसिन-नागांत ९१/३० आणि ब्रिटिश ली-एनफिल्ड नंबर ४, या दोन जुन्या लष्करी रायफलींपाशी येऊन अडलेल्या माणसाला वजन, लांबी नव्याने सांगायला नको. परवान्याचे नियम आपापल्या देशाचे बघून घ्यालच. मी दोन्ही बाळगल्या, दोन्ही चालवल्या.

संग्रहाच्या दृष्टीने मोसिन नक्कीच रंजक आहे. तुला कारखान्याचा तारा, इझेव्हस्क कारखान्याचा त्रिकोणातला बाण, वर कोरलेलं बनवल्याचं साल. १९३०च्या दशकाच्या मध्यावर पैलूदार रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो सांगाडा) जाऊन गोल आला, त्यामुळे आधीच्या नगांना शौकीन जास्त. युद्धातल्या घाईच्या नगांवर यंत्राचे ओरखडे तसेच सोडलेले दिसतात. मला ते फार आवडायचे. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून कुलूप लावणारा सरकता दांडका, अवजारांशिवाय पूर्ण सुटतो. नेम मात्र कारखान्यात संगीन चढवून जुळवलेला, त्यामुळे ती काढली की गोळ्या सरकतात आणि माशी (नळीच्या टोकाची साईट) ठोकून बाजूला सरकवावी लागते. जुनी सोव्हिएत काडतुसं वापरलीत तर प्रायमरचा (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचा) क्षार नळीत राहतो. तो नुसत्या तेलाने निघत नाही. आधी पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल.

एवढं सगळं मी आनंदाने केलं असतं. माझं बिनसलं ते बोल्टपाशी.

सुरुवातीच्या गोळ्या सुरळीत जातात. नळी तापली की बोल्टचा दांडा वर यायलाच तयार नसतो. तो आखूड आणि सरळ बाहेर आलेला, त्यामुळे जोर लावायला तरफ मिळत नाही. मग रायफल खांद्यावरून उतरवा, नळी लक्ष्याकडेच ठेवून दस्ता बाकाला टेकवा आणि तळव्याने दांड्याला खालून फटका द्या. तोवर श्वास, पवित्रा, नेम सगळं विसकटलेलं. साठवणीचं जुनं ग्रीस चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) राहिलं की ते तापून पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचाला, धरून ठेवतं. मी सॉल्व्हंट आणि ब्रशने चेंबर घासलं, फरक पडला, पण खोड पुरती गेली नाही. सगळ्याच मोसिन अशा नसतील, माझी होती.

ली-एनफिल्डचा दांडा खाली वळलेला, चापाच्या जवळ. गोळी झाडणारी स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते, म्हणून उघडताना हाताला फक्त पुंगळी काढायचं काम. रायफल खांद्यावर, गाल दस्त्यावर तसाच, आणि पुढची गोळी आत. मॅगझिनही दहाचं. मागची छिद्राची साईट माझ्या डोळ्यांना मोसिनच्या खाचेपेक्षा फार सोपी गेली. दस्ते वेगवेगळ्या लांबीचे निघत, तेव्हा घेण्याआधी खांद्याला लावून बघा.

नखरे हिचेही आहेत. चार्जर (काडतुसं एकत्र धरणारी पट्टी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर मॅगझिन अडतं. बोल्ट मागच्या बाजूला कुलूपबंद होतो, चेंबर सैल, त्यामुळे पुंगळ्या ताणल्या जातात; त्याच पुंगळ्या पुन्हा दारू भरून वापरणार असाल तर फक्त मान आकारात आणा, पूर्ण पुंगळी दाबू नका.

ली-एनफिल्डचा नग निवडताना बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळतो का ते आधी पाहा. बोल्टचं डोकं ० ते ३ अशा मापांत येतं. कोणी अदलाबदल केली असेल तर हेडस्पेस (बोल्टचं डोकं आणि काडतूस यांच्यातली मोकळीक) गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडू नका. नळीत आरशासारखी चमक नसली तरी चालेल, आतल्या फिरत्या खोबणीच्या कडा तेवढ्या शाबूत हव्यात.