जुन्या पिकअपच्या वायरिंगसाठी घेतलेला साडेपाचशेचा मल्टीमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा मीटर), सात महिने वापरून झाल्यावर लिहितोय

आमच्याकडे 2011 ची डिझेल पिकअप आहे, सेकंड हँड घेतलेली, ओतूरवरून माळशेज घाटानं कल्याण मार्केटला भाजी जाते, आठवड्याला तीन-चार फेऱ्या. इंजिनाबद्दल एक शब्द वाईट नाही. पण मागच्या जूनपासनं लाईटचं जे सुरू झालं त्यानं नुसता जीव खाल्ला. कधी सेल मारला की फक्त टक् आवाज, पाच मिनिटांनी परत मारला की पहिल्या झटक्यात चालू. डावा इंडिकेटर दिला की मागची पार्किंग लाईटपण त्याच्याबरोबर मिणमिण करायची. हेडलाईट लावली की डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदम हलायचे. आणि गॅरेजला नेली की सगळं ठणठणीत, तिथं दोन तास उभी केली तरी एकदाही करायची नाही.

जुलैत रात्री दीडच्या सुमारास माळशेजला, धुकं इतकं की बॉनेटच्या पुढं दिसत नव्हतं, मागं कोथिंबीर भरलेली, शेजारी चुलतभाऊ, आणि वळणावर दोन्ही हेडलाईट एकदम गेल्या. गाडी कडेला घेतली, भाऊ मोबाईलची बॅटरी घेऊन मागं उभा राहिला. चार-पाच मिनिटांनी लाईट आपोआप आल्या. तोपर्यंत मी नवीन बॅटरी टाकलेली, अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करतो तो) ब्रश आणि कटआउट बदललेला, सेल्फ खोलून कार्बन बदललेले, सगळं मिळून अकरा हजाराच्या वर गेलेले, आणि फॉल्ट तसाच. गॅरेजवाल्यांना दोष देत नाही, त्यांच्यासमोर फॉल्ट आलाच नाही तर ते अंदाजानंच पार्ट बदलणार ना.

ऑगस्टमध्ये मीटर घेतला. साधा डिजिटल, 20 व्होल्ट डीसी, ओहम, बझर (वायर सलग असली की वाजतो तो) आणि 10 ॲम्पिअरचं वेगळं होल, बस. पहिले पंधरा दिवस मी तो चुकीचाच वापरला, म्हणजे वायर काढायची, दोन्ही टोकांना पिना लावायच्या, बझर वाजला की वायर चांगली समजायची. सगळ्या वायर चांगल्या निघाल्या. मग गावातले पंपाच्या मोटरी रिवायंडिंग करणारे काका आहेत त्यांना विचारलं तर ते म्हणाले, अरे करंट चालू असताना मोज, रिकामी वायर काय कुठलीही चांगलीच दाखवणार. या एका वाक्यानं माझं काम झालं. केबलमधली एक तार जरी शाबूत असली तरी बझर वाजतो, कारण मीटर स्वतः अगदी बारीक करंट सोडतो. पण डिझेल गाडीचा सेल्फ 200 ॲम्पिअरच्या घरात ओढतो, आणि तेवढ्या करंटला नुसता 0.01 ओहमचा अडथळा असला तरी 2 व्होल्ट तिथंच खाल्ले जातात. साडेपाचशेच्या मीटरला 0.01 ओहम दिसणारच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच त्याहून कितीतरी जास्त असतो. व्होल्ट मात्र तो बरोबर दाखवतो.

मग असं केलं, मीटर 20 व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर (टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, खुंटावरच, नाहीतर क्लॅम्पचा फॉल्ट सुटून जातो), लाल पिन इंजिनच्या घासून साफ केलेल्या बोल्टवर, आणि भावाला सांगितलं सेल मार. आकडा आला 1.9. तिथं 0.2 च्या आसपास पाहिजे, फार तर अर्धा. बॅटरीवर त्याच वेळी 10.8 होते, सेल मारताना 9.6 च्या खाली गेली नाही तर बॅटरी ठीक, म्हणजे बॅटरीचा काही संबंधच नव्हता.

मायनसची केबल काढली. वरून काळं रबर एकदम छान, लगसुद्धा (केबलच्या टोकाची बोल्टात बसणारी कडी) घट्ट. पण लगच्या जवळ बोटानं दाबलं तर आत भुसभुशीत लागलं. ब्लेडनं रबर चिरलं तर आतलं तांबं हिरवं पडलेलं, चिमटीत घेतलं की भुकटी होत होती, आणि मधे सात-आठ तारा तेवढ्या लाल. बझर त्या सात-आठ तारांवर वाजत होता! नवीन केबल तेवढ्याच जाडीची करून घेतली, इंजिन ते चेसी जी विणलेली अर्थिंगची, म्हणजे करंट मायनसकडं परत न्यायची, पट्टी असते ती पण बदलली, चेसीचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून चकचकीत केला, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन लावलं. परत मोजलं, 0.15. त्या दिवसापासनं एकदाही टक् आवाज आलेला नाही, आणि काट्यांचं हलणंपण तिथंच थांबलं.

हेडलाईटचा फॉल्ट मात्र वेगळा निघाला. इंजिन चालू, बॅटरीवर 13.9, आणि बल्बच्या कपलरवर (वायर जोडायची प्लॅस्टिकची खोबण) 10.1. अर्थिंगच्या बाजूला काही जात नव्हतं म्हणून प्लसच्या बाजूनं मागं मागं येत गेलो, तर स्टिअरिंगखालच्या स्विचचा कपलर, त्याच्या एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. आधीच्या मालकानं 100 वॅटचे बल्ब टाकलेले, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) न लावता. कंपनीचा 60/55 वॅटचा असतो. 100 वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण 16-17 ॲम्पिअर त्या एवढ्याशा पिनेतनं जाणार, पिन तापणार, सैल होणार, संपर्क तुटणार, आणि गार झाली की परत लागणार. म्हणूनच त्या रात्री चार-पाच मिनिटांनी लाईट आल्या होत्या. बल्ब परत साधे टाकले, कपलर बदलला आणि रिले लावला, त्याच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्युज टाकून वायर, 87 वरून बल्बला, 85-86 मधे स्विच आणि अर्थिंग. आता बल्बवर 13.5 मिळतात, आणि रस्ता खरंच आधीपेक्षा स्वच्छ दिसतो.

तिसरं म्हणजे दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरायची. मीटर 10 ॲम्पिअरच्या होलला लावून मायनसच्या लाईनीत घातला, सगळं बंद, 0.38 ॲम्पिअर आले. 0.05 च्या आत पाहिजे. एकेक फ्युज काढत गेलो पण आकडा हलेना, कारण टेपची वायर कुणीतरी सरळ बॅटरीवरून घेतलेली. दिवसाला 9 ॲम्पिअर-तास तिथंच जात होते. हे करताना चुकूनही सेल मारू नका, मीटरचा फ्युज जागेवर जातो, माझा गेला. आणि चालू इंजिनला टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे ती कृपा करून करू नका, व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला अल्टरनेटर उडतो. टर्मिनल न काढता मोजा, 13.8 ते 14.4 आलं की चार्जिंग ठीक.

मीटरबद्दल म्हणाल तर डिस्प्लेला लाईट नाही, उन्हातपण नीट दिसत नाही, आणि सोबत आलेल्या पिना तिसऱ्या महिन्यात मुळाशी तुटल्या, वेगळ्या मगर-चिमट्याच्या घ्याव्या लागल्या, त्या आधीच घ्या कारण दोन्ही हात मोकळे राहतात. 9 व्होल्टचा सेल कमी झाला की आकडे चुकीचे जास्त दाखवतो, तेवढं लक्षात असू द्या. बाकी मार्चपर्यंत गाडीत डॅशबोर्डच्या खणातच आहे, पडला, धूळ खाल्ली, चालतोय. साडेपाचशेत मी परत घेईन.

डाव्या इंडिकेटरचं अजून थोडं राहिलंय. अर्थिंग नीट मिळालं नाही की इंडिकेटरचा करंट पार्किंगच्या तारेतनं वाट काढतो म्हणून ती मिणमिणते, मागच्या लॅम्पच्या अर्थिंगवर 0.9 येतात, बोल्ट चेसीला गंजून बसलाय, डिझेल सोडून ठेवलंय. पाऊस लागायच्या आत तिथं नवीन भोक पाडून वेगळी अर्थिंग देणार आहे.