थीसिसला दमा घ्यावा की अर्भकमृत्यू? कोल्हापुरातल्या पीएसएम पीजींसाठी

पीएसएमचं (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचं) पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, करताना सिनॉप्सिसची (थीसिसच्या आराखड्याची) मुदत जवळ आली की गाईड विचारतात, “विषय काय ठरला?” दम्याचं नियंत्रण आणि अर्भकमृत्यू (एक वर्षाखालच्या बाळांचे मृत्यू) या दोन विषयांत तुमचं मन अडकलं असेल, तर आधी एक छोटं गणित करा.

मैदानी भागात साधारण ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. एसआरएसच्या (केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या) २०२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आणि अर्भकमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६. हेच दर धरले तर त्या केंद्रात वर्षाला ४५० जन्म आणि सातेक मृत्यू. गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यात निकष २० हजारांचा, म्हणजे मृत्यू पाचच्या आसपास. पुढच्या वर्षी पाचाचे आठ झाले तर दर ६० टक्क्यांनी वाढलेला दिसेल. खरं तर तो नुसता योगायोगही असू शकतो. दर हजारी ४ इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेने सांगायचा तर नमुना किती मोठा हवा ते काढायच्या नेहमीच्या ‘फोर पीक्यू’ सूत्राने जवळजवळ ४ हजार जिवंत जन्म लागतात. एकट्या पीजीने नऊ केंद्रांचे वर्षभराचे जन्म गोळा करायचे, आणि तेही पोस्टिंग सांभाळून!

दम्याकडे हेच सूत्र लावा. किती रुग्णांचा दमा आटोक्यात आहे हे माहीत नाही, म्हणून ५० टक्के धरू. दहा टक्के चूक चालणार असेल तर १०० रुग्ण पुरतात, पाच टक्केच हवी असेल तर ४००. वर्षभराची ओपीडी नीट धरली तर हे जमण्यासारखं आहे. मोजमापही तयार आहे. जीनाचे (दम्यावरची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या जागतिक संस्थेचे) प्रश्न चारच, आणि तेही गेल्या चार आठवड्यांपुरते: दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का, रात्री दम्याने जाग आली का, आराम देणारा पंप दोनदापेक्षा जास्त लागला का, कामात अडथळा आला का. एकही ‘हो’ नसेल तर दमा आटोक्यात, एक-दोन असतील तर अर्धवट आटोक्यात, तीन-चार असतील तर हाताबाहेर. एसीटी (अस्थमा कंट्रोल टेस्ट) या दुसऱ्या प्रश्नावलीमध्ये पाच प्रश्न आणि २५ पैकी गुण असतात, २० किंवा जास्त आले तर ठीक. मात्र एसीटीवर कॉपीराइट आहे, वापरण्याची परवानगी आधीच मागून ठेवा.

दम्यात कोल्हापूरचं म्हणून सांगण्यासारखंही बरंच आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, इचलकरंजीतली कापसाची धूळ, उसाचं पाचट जाळणं, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, गावातली लाकडाची चूल. एवढे धूर आणि धुळी एका जिल्ह्यात असताना प्रश्नावलीत ‘व्यवसाय: मजूर’ एवढंच लिहून येणं म्हणजे संधी वाया घालवणं. कुठला मजूर, भट्टीपाशी किती तास, हे विचारा. यंत्रमाग कामगाराची धाप सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी वाढत असेल, तर तो दमा नसून कापसाच्या धुळीचा आजार असू शकतो, तेही तपासा. गळीत हंगाम आणि पावसाळा यांत चित्र बदलतं, त्यामुळे तीन महिन्यांत डेटा उरकू नका.

उपचाराचा भाग तर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दम्याच्या जागतिक ओझ्यात भारताचा वाटा सुमारे १३ टक्के, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत ४० टक्क्यांहून अधिक. श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड पुरेसं वापरलं जात नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण. २०१९ पासून जीनाने प्रौढांना आणि किशोरवयीनांना नुसत्या सालब्युटामॉलवर (तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर) ठेवू नये असं सांगितलंय. आपल्याकडे मात्र “पंपाची सवय लागते” हे वाक्य ओपीडीत रोज ऐकू येतं. कोजागिरीला खिरीतून घेतलेल्या औषधानंतर पंप बंद केला का, हाही प्रश्न घाला. इंग्रजी प्रश्नावलीत तो सापडणार नाही.

दम्यातली खोट एकच, पण मोठी. ओपीडीत येतो तो बहुधा त्रास होणाराच, ज्याचं बरं चाललंय तो फिरकत नाही. त्यामुळे निष्कर्ष ‘ओपीडीतल्या रुग्णांपुरता’ असंच लिहावं लागतं.

अर्भकमृत्यूत ही अडचण दुप्पट होते. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात) कोकणातून, निपाणीकडून अत्यवस्थ बाळं येतात, त्यामुळे तिथल्या मृत्यूंवरून जिल्ह्याचा दर काढता येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे, मग बाळ सासरी गेल्यावर काही झालं तर मृत्यू दुसऱ्याच गावच्या दप्तरात. ऊसतोड कामगार हंगाम संपताच परत जातात. अंश एका यादीत आणि छेद दुसऱ्या यादीत, अशी गत होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात सेवेने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. त्यांच्याकडे सेवेची ३९ गावं, तुलनेची ४७ गावं आणि स्वतःची जन्म-मृत्यू नोंद होती. तुमच्याकडे तीन वर्षं आहेत, त्यातलं पहिलं सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटीतच जाणार.

तरीही अर्भकमृत्यूच घ्यायचा असेल, तर दराचा नाद सोडा आणि कारणांकडे वळा. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी असे दोन-तीन तालुके निवडून वर्षभरातल्या मृत्यूंची मौखिक शवचिकित्सा करा, म्हणजे घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण शोधा: धोका ओळखायला उशीर झाला, वाहन मिळायला झाला, की दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला? त्यातल्या पंचवीस-तीस घरांतून मिळणारं हे उत्तरही जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला थेट वापरता येतं. पण त्यासाठी आशाताई सोबत हव्यात, बालमृत्यू अन्वेषणाचे कागद पाहायची लेखी परवानगी हवी, आणि बाळ गमावलेल्या आईसमोर तासभर बसायची तयारी हवी. अंगणात पाय ठेवताच फॉर्म बाहेर काढणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

दोन्ही जोडून ‘एक वर्षाखालील दमा’ असा मधला मार्ग काढू नका. त्या वयात छातीत घरघर होण्याची कारणं अनेक, दम्याचं निदान कच्चं, आणि अर्भकं दगावतात ती मुख्यतः अपुऱ्या दिवसांमुळे, कमी वजनामुळे, जन्मताना गुदमरल्यामुळे, जंतुसंसर्गामुळे. चुलीचा धूर हा दोन्हींना जोडणारा धागा खरा, पण तो सिद्ध करायला गरोदरपणापासून पाठपुरावा लागतो.

माझं मत विचाराल तर दहांतल्या आठ जणांनी दमा घ्यावा. उरलेल्या दोघांनी सिनॉप्सिस टाइप करायच्या आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून गेल्या वर्षीची मृत्यूंची यादी मागावी. त्यातले पत्ते पुरे आहेत की नाहीत, यावरच तुमचा विषय ठरेल.