दुबईच्या वाटेवरचा लाल समुद्र

खेडला माझा शिवणकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे मागच्या पडवीत आठ मशिनी आणि एक ओव्हरलॉक. सुती गाऊन, मॅक्सी, पोरांचे कुर्ते. आमच्याकडे घरटी एखादा माणूस आखातात, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या गावातल्या एकांचं दुबईत कपड्यांचं दुकान आहे. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी ६०० गाऊनची ऑर्डर दिली. अट एकच : रमजान लागायच्या आत माल दुकानात हवा. रमजान ११ मार्चच्या आसपास लागणार होता, आणि न्हावा शेवाहून दुबईचं बंदर जेबेल अली म्हणजे बोटीचे फार तर चारपाच दिवस. वेळ भरपूर होता.

आयईसी कोड, म्हणजे निर्यातीसाठी लागणारा सरकारी नंबर, होता, पण बोटीने माल पाठवायची ही पहिलीच खेप. अख्खा कंटेनर भरायची आपली ऐपत नाही. अशा वेळी पाचपन्नास जणांचा माल एकाच कंटेनरमध्ये जातो, त्याला एलसीएल म्हणतात. दोन एजंटांनी साधारण २७,००० सांगितले. तिसरा नवी मुंबईचा, एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटलेला. तो म्हणाला, “मॅडम, ११,५०० मध्ये सगळं आलं. पुढे एक रुपया नाही.” निम्म्याहून कमी भाव कुणी का देईल, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला, आणि मी तो बाजूला सारला.

पैसे यूपीआयने पाठवले तर समोर भलत्याच बाईचं नाव आलं. म्हणे कंपनीच्या खात्याची लिमिट संपली. त्याने कागदपत्रं मागितली, त्यात सही-शिक्का मारलेली पाच कोरी लेटरहेडंही होती. “कस्टमला ऐनवेळी लागतात, दर वेळी तुम्हाला खेडहून कुठे बोलवायचं?” माझीच काळजी! दिली.

२ फेब्रुवारीला टेम्पो कशेडी चढून उरणकडे गेला. २४ खोके, प्रत्येक ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर. तिसऱ्या दिवशी फोन, “मॅडम, तुमचे बॉक्स फुगलेत. ३.६ सीबीएम, म्हणजे घनमीटर, भरले. ७,८०० अजून लागतील.”

बोटीच्या भाड्यात १ घनमीटर जागा आणि १,००० किलो वजन सारखं धरतात आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्यावर पैसे लावतात. कपडा हलका, तेव्हा आपला हिशोब नेहमी जागेवरच. माझा एक खोका ०.०९६ घनमीटर, २४ चे झाले २.३. ते ३.६ भरायचे तर प्रत्येक खोका दीडपटीहून जास्त फुगायला हवा. कपड्याचे खोके थोडे फुगतात हे खरं, पण गाऊनच होते, वडे नव्हेत. हा हिशोब मी नंतर मांडला. त्या दिवशी माल त्याच्या ताब्यात होता, म्हणून भरले.

९ तारखेला त्याने बीएलची (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची पावती) पीडीएफ, कंटेनर नंबर आणि एका जहाजाचा फोटो पाठवला. “सुटलं!” आम्ही पडवीत पेढे वाटले. चार दिवसांनी ‘रेड सी सरचार्ज’, १६,५००. तेव्हा टीव्हीवर रोज हुथींचे हल्ले, आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या बोटी हेच चालू होतं. मला ते इतकं पटलं की उलट त्याचीच कीव आली. बांगड्या गहाण ठेवून भरले. एकूण ३५,८००.

२२ तारखेला तिकडच्या बंदराचं ग्राउंड रेंट, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, म्हणून आणखी १२,४०० मागितले. भरल्याशिवाय ओरिजिनल बीएल नाही. आणि ते नसेल तर गिऱ्हाइकाला माल सुटत नाही. त्या संध्याकाळी शेजारचे चाचा अंगणात बसले होते. तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस. त्यांना नुसतं ऐकवलं.

“जेबेल अलीला जाताना लाल समुद्र लागतो कुठं गो?” ते म्हणाले. अंगणातल्या धुळीत काडीने नकाशा काढला. इथून सरळ ओमानच्या आखातात, होर्मुझमधून आत, की आली दुबई. लाल समुद्र येमेनच्या पलीकडे, सुएझच्या वाटेवर. इतकी वर्षं आखाताच्या गप्पा ऐकलेली मी, आणि नकाशा एकदा उघडून बघितला नव्हता.

मग त्यांनी बीएल मागितलं. त्यावर माल ‘वाहतुकीसाठी मिळाला’ एवढंच होतं. ‘जहाजावर चढवला’ हे शब्द आणि तारीख नव्हती. असं हाऊस बीएल, म्हणजे जहाज कंपनीऐवजी एजंटने स्वतःच्या नावाने काढलेलं, देणाऱ्याला १९९३ च्या मल्टिमोडल वाहतूक कायद्याखाली डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याची नोंदणी लागते, आणि त्या नोंदणीचा एमटीओ नंबर कागदावर असतो. तोही नव्हता. कंटेनर नंबर, म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, पुतण्याने शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला. तो कंटेनर खरा होता. जानेवारीतच कोलंबोला रिकामा झाला होता.

शिपिंग बिलाची, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला द्यायच्या कागदाची, एक प्रत मात्र एजंटने पाठवलेली, त्यावर सीएचएचं, म्हणजे कस्टमचं काम करून देणाऱ्या दलालाचं, नाव होतं. त्या माणसाला फोन केला. तो भला निघाला; म्हणाला, “ताई, माझी पण दोन बिलं त्याने बुडवलीत.” माल उरणच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामात, पडून होता. एजंटने माझे पैसे घेतले आणि ज्याच्या कंटेनरमध्ये जागा घ्यायची त्याला काही दिलंच नाही. माझे गाऊन समुद्रावर गेलेच नव्हते.

बंदरातून माल परत आणायला कस्टमची परवानगी लागते, त्याला ‘बॅक टू टाउन’ म्हणतात. त्याचा खर्च आणि सीएफएसचं भाडं वेगळं. १४ मार्चला, आमच्याकडे तिसरा रोजा असताना, टेम्पो दारात आला. २४ चे २३ खोके. दुबईवाल्यांनी तोवर दुसरीकडून माल उचलला होता. रागावले नाहीत, पण पुढची ऑर्डरही आली नाही. गाऊन चिपळूणच्या बाजारात पडेल भावाने विकले, बायकांची मजुरी जूनपर्यंत हप्त्याने दिली.

पोलिसांत अर्ज दिला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा कळलं की तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, लगेच कळवलं तरच खातं गोठवता येतं. मी महिन्याने करत होते.

आता मी आधी सीएचएला गाठते आणि भाड्याचं त्यालाच विचारते. जीएसटी नंबर ज्या नावाचा, त्याच नावाच्या खात्यात पैसे. खोक्यांची मापं टेप लावलेल्या फोटोसकट पाठवते.

त्या पाच लेटरहेडांपैकी दोन वापरलेली त्या सीएचएकडे सापडली. तीन अजून एजंटकडेच आहेत, माझ्या सहीची. दुसऱ्याच्या आयईसी कोडवर भलताच माल पाठवण्याचे प्रकार होतात, म्हणून त्या तिन्हींचा उल्लेख पोलिसांच्या अर्जात करून ठेवलाय. शिपिंग बिलाची नोंद बँकेला दिसते, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाते आणि माझ्या कोडवर नवीन शिपिंग बिल चढलंय का ते विचारते. काउंटरवरची मुलगी आता मला बघितल्यावरच मान हलवून ‘नाही’ म्हणते.