विमध्य नियम ठेवावा की सोडावा?

कोणतंही विधान खरं असतं, नाहीतर त्याचा नकार खरा असतो. हा विमध्य नियम. तो धरून चालणारं अभिजात गणित घ्यावं की त्यावाचून चालणारं रचनावादी, हा प्रश्न गणिताच्या तत्त्वज्ञानात शिरणाऱ्याला टळत नाही.

दोघांतला फरक एका उदाहरणात दिसतो. अपरिमेय संख्येचा अपरिमेय घात परिमेय येऊ शकतो का? अभिजात उत्तर असं: √२ चा √२ वा घात परिमेय असेल तर काम झालं. नसेल तर त्याचाच पुन्हा √२ वा घात घ्या, २ मिळतात. सिद्धता संपली, पण खरी जोडी कोणती ते कळलंच नाही. रचनावादी म्हणतो, जोडी दाखवा. तीही आहे: √२ चा घातांक म्हणून ९ चा २ पायाचा लॉगॅरिदम घ्या, उत्तर ३. मला ही दुसरी सिद्धता उजवी वाटते. ती कुणीही आकडे मांडून ताडून पाहू शकतो.

डच गणितज्ञ ब्राउअर यांनी १९०८ मध्ये विमध्य नियमावर आक्षेप घेतला तो इथेच: मर्यादित समूहांत पटलेला नियम अनंताला सरसकट का लावायचा? जर्मन गणितज्ञ हिल्बर्टना मात्र नियम सोडणं हे खगोलशास्त्रज्ञाची दुर्बीण काढून घेण्यासारखं वाटलं. किंमत खरोखर मोजावी लागते. मध्यमूल्य प्रमेय (ऋणाकडून धनाकडे अखंड जाणारं फलन मध्ये कुठेतरी शून्य होतंच) नेहमीच्या रूपात हाती राहत नाही, शून्याच्या हवं तितकं जवळ नेणारा बिंदू तेवढा मिळतो. तरी अमेरिकन गणितज्ञ बिशप यांनी १९६७ मध्ये विश्लेषणाचा (सीमा, अखंडता, कलन यांच्या गणिताचा) मोठा भाग याच वाटेने उभा केला, आणि त्यांची प्रमेयं अभिजात गणितातही खरीच ठरतात. ब्राउअर यांची सगळी ठरत नाहीत. या दोघांना एकाच माळेत ओवू नका.

√२ अपरिमेय असल्याची सिद्धता दोन्हीकडे चालते. 'परिमेय आहे' मधून विसंगती काढून 'नाही' म्हणायला विमध्य नियम लागत नाही. 'नाही असं नाही' वरून 'आहे' म्हणताना तो लागतो.

निव्वळ विसंगतीच्या भीतीने नियम सोडू नका. अभिजात अंकगणितात विसंगती असेल तर रचनावादी अंकगणितातही ती असणारच, हे १९३३ मध्ये तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांनी दाखवलं. 'अस्तित्वात आहे' म्हणताना ती वस्तू शोधण्याची रीतही हवी असेल, तर रचनावादी वाट धरा. एरवी अभिजात गणितच शिका, फक्त नियम कुठे वापरला ते समासात लिहीत चला. निवड-स्वयंसिद्ध (रिकामे नसलेल्या कितीही संचांतून एकेक घटक एकदम निवडता येतो, हे गृहीत) घेतलंत तर तिथेही खूण करा: नेहमीच्या संचसिद्धांतातून विमध्य नियम वगळला तरी त्याच्यामागून तो येतोच, हे गणितज्ञ डायकोनेस्कू यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलं आहे.