हेडलाइटचा स्विच: नवा घ्यावा, की जुनाच साफ करून रिले टाकावा?

पार्किंगचे दिवे लागतात, मागचे लागतात, हेडलाइट मात्र मर्जी असेल तर लागतात आणि डॅशबोर्डावरचं बटण जरा हलवलं की परत येतात, अशी तक्रार असेल तर बल्ब बदलत बसू नका. दोन्ही दिवे एकदम जाताहेत म्हणजे दोष बल्बच्या बराच आधी आहे. अप्पर नीट आणि डिपरच गायब असेल, तर आधी स्टिअरिंगजवळची दांडी आणि फ्यूज बघा. फ्यूज जुन्या चिनी मातीचे असले तर ते जागच्या जागी फिरवून पाहा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्यांची टोकं पांढरी पडतात.

एवढं करून संशय स्विचवरच राहिला, तर हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटर लावा: एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं हेडलाइटच्या प्लसवर. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर वीज वाटेतच खाल्ली जाते आहे. मग स्विचच्या 30 (बॅटरीकडून येणारं) आणि 56 (हेडलाइटकडे जाणारं) या टोकांमध्ये तेच मोजा. जर्मन गाड्यांत हे आकडे प्लगवर किंवा स्विचच्या पाठीवर छापलेले असतात, त्यामुळे वायरिंगचा नकाशा नसला तरी अडत नाही. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळजवळ एक तृतीयांश कमी होतो. ‘दिवे म्हातारे झालेत’ असं आपण म्हणतो, ते बऱ्याचदा हेच असतं.

आता पर्याय: नवा स्विच, किंवा जुनाच साफ करून रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा वेगळा स्विच. मी माझ्या जुन्या जर्मन डिझेल गाडीवर दोन्ही वापरले आहेत.

नव्या स्विचचं काम सुटसुटीत. बटण ओढायचं, नट सोडायचा, प्लग बदलायचा. वायर कापायची नाही, गाडी मूळ रूपात राहते, पुढे विकताना कोणी नाक मुरडत नाही. अस्सल भाग महाग आणि मागवून वाट बघायची तयारी हवी. कुर्ल्याच्या बाजारातला जुना काढलेला स्विच स्वस्त, पण तो आधी किती तापलाय हे बाहेरून कळत नाही. नकली मालाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

माझं मत फिरवलं ते त्या बटणाच्या उबेनं. स्विच कोरा करकरीत, दिवेही झकास. पण रात्री आंबा घाट उतरून पालीपर्यंत आलो आणि सहज बटणाला हात लावला, तर ते कोमट. खराब म्हणण्याइतकं गरम नव्हतं, वासही नव्हता. तरी त्यानंतर दर वेळी हात आपसूक तिकडे जायला लागला, आणि प्रवासाची मजा गेली. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. अशा अनेक गाड्यांत 55 वॅटच्या दोन्ही बल्बांचा सगळा करंट, म्हणजे साधारण नऊ अँपिअर, त्या एवढ्याशा संपर्कातून जातो. त्यावर पावसाळ्याचे चार महिने दमट खारी हवा. हिरवट कीट चढली की विरोध वाढतो, विरोध वाढला की उष्णता, आणि मग प्लास्टिक मऊ. नवा स्विच त्याच वाटेनं जाणार, फक्त उशिरा.

रिले टाकल्यावर स्विचकडे उरतो तो फक्त इशारा द्यायचा करंट, अँपिअरचा पाचवा हिस्सा धरा. खरा भार बॅटरीपासून जाड वायरनं, फ्यूजमधून थेट दिव्याकडे. अप्परला एक रिले, डिपरला एक. तयार किट बाजारात मिळतं आणि वायरमन दुपारभरात बसवून देतो. जुना स्विच मात्र उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरनं नीट पुसून घ्या. कमी करंटला कीट भेदता येत नाही, त्यामुळे रिले टाकला म्हणून साफसफाई टळत नाही. आता माझं बटण थंड असतं आणि उजेड पांढरा पडतो. मोजमाप म्हणाल तर साइडपट्टीवरची गुरं आधी दिसतात, एवढंच.

खोट नाही असं नाही. बहुतेक किट इशारा एकाच बाजूच्या मूळ प्लगमधून घेतात. त्या बाजूचा फ्यूज गेला तर दोन्ही दिवे एकदम जातात. मूळ वायरिंगमध्ये एकच गेला असता. सुटे फ्यूज हाताशी ठेवा. गाडी जपानी असेल तर अनेकदा स्विच अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूनं चालतो, आणि काहींत रिले मुळातच असतो. तिथे साधं किट डोळे झाकून लावू नका. आणि किटमध्ये जास्त वॅटचा बल्ब चालतो म्हणून लावायचा मोह नको, 60/55 (अप्परला 60, डिपरला 55 वॅट) पुरे.

रिले बंपरमागे नको, बोनेटखाली उंचावर, टोकं खाली करून बसवायला सांगा, म्हणजे पाणी साचत नाही. जोडांना थोडं व्हॅसलीन.

स्विचचं प्लास्टिक वितळलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर अर्थात नवा घ्यावाच लागेल. तेव्हाही आधी रिले बसवून घ्या आणि नवा स्विच त्यानंतर लावा.