डब्यातलं वजन

मैदानी महानाट्यात घोडा असतो आणि त्याची एन्ट्री प्रेक्षकांच्या मागून असते. लाइटवाला, साउंडवाला आणि विंगेतला मी, असे आम्ही तिघं वायरच्या इंटरकॉमवर. घोडेवाला आणि गेटवरची मुलं वॉकीवर. इतकी वर्षं मध्ये एक पोरगा बसायचा. एका कानाला हेडसेट, दुसऱ्या कानाला वॉकी, इकडचा निरोप तिकडे. तो नोकरीला लागला म्हणून मी इंटरकॉम आणि वॉकी एकमेकांना जोडणारा इंटरफेस घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो.

दुकानदाराने काळा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. एकीकडे इंटरकॉमच्या वायरीसाठी तीन पिनचं एक्सएलआर सॉकेट, दुसरीकडे वॉकीची टू-पिन, वर 'आयसोलेटेड', म्हणजे दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध नाही, असं स्टिकर. 18 हजार. "उचलून बघा दादा, आत ट्रान्सफॉर्मर आहे." उचलला, चांगला जड लागला. डेमोही झाला. मी हेडसेटमध्ये बोललो ते फुटपाथवरच्या मुलाच्या वॉकीत वाजलं, तो बोलला ते मला ऐकू आलं. डब्याला जोडलेला वॉकी मात्र दुकानदाराने सगळा वेळ हातात धरला होता. "आत रेंज कमी मिळते ना." मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

प्रयोगाच्या दुपारी जोडलं तर आमचं बोलणं बाहेर जाईच ना. फोन केला. "व्हॉक्स ऑन करा, लेव्हल वाढवा." व्हॉक्स म्हणजे आवाज आला की वॉकी आपोआप ट्रान्समिट करतो. रिकाम्या मैदानात चाललं. रात्री जनरेटर सुरू झाला, लाइनीवर हमचा घुमणारा आवाज बसला, त्यात साउंडवाल्याचा माइक उघडा आणि शेजारी ढोल. व्हॉक्सच्या लेखी कोणीतरी बोलतच होतं, त्यामुळे वॉकी ट्रान्समिटला अडकला तो सुटेना. चॅनेल असा अडला की बाकीच्यांचे तोंड बंद. तिकडे घोडेवाला 'बिथरलाय, थांबा' म्हणून ओरडतोय, इकडे मी क्यू दिला. गेटवर लाइट पडला आणि सरनोबत पायी चालत आले. घोडा नंतर आला. अंधारात, एकटा.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. एक कपॅसिटर, दोन रेझिस्टर आणि कोपऱ्यात एम-सीलने चिकटवलेला मुठीएवढा लोखंडी नट. वजन त्याचं! पीटीटीची, म्हणजे वॉकीचं बोलायचं बटण चालवणारी, वायरच नव्हती, म्हणजे डेमोत बटण दुकानदाराचा अंगठा दाबत होता. पार्टीलाइनवर, म्हणजे आमच्यासारख्या वायरच्या इंटरकॉमवर, येणारा-जाणारा आवाज एकाच वायरीत असतो, वॉकीला तो वेगळा करून द्यावा लागतो. त्यासाठीचं हायब्रिड नावाचं सर्किट तर दूरच. आमच्या क्लिअर-कॉम कंपनीच्या पद्धतीच्या लाइनीत पिन 2 वर 30 व्होल्ट डीसी आणि पिन 3 वर आवाज. आरटीएस या दुसऱ्या कंपनीच्या दोन चॅनेलच्या लाइनीत पिन 2 वर पॉवरसोबत आवाजही असतो. तुमची लाइन कोणती, हे त्याने विचारलंच नव्हतं. तिथेच उठायला हवं होतं.

असा डबा घेणार असाल तर वॉकी टेबलावर ठेवायला लावा आणि दुकानदाराला दोन पावलं मागे उभं करा. मल्टिमीटर खिशात न्या. एक्सएलआरची पिन 1 आणि वॉकीच्या जॅकचं ग्राउंड यांच्यात बीप वाजला, तर 'आयसोलेटेड' हे फक्त स्टिकर. माझ्या डब्यात खणखणीत वाजला.

सोबत 'लायसन्स फ्री' म्हणून घेतलेले चार वॉकीही 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्याबाहेर लावलेले निघाले, ईटीए नंबर, म्हणजे उपकरणाच्या सरकारी मंजुरीचा नंबर, कुठेच नाही. परत करायला गेलो तर, "डबा उघडलात, वॉरंटी गेली." बिल म्हणजे जीएसटी नंबर नसलेली चिठ्ठी.

त्या पोराला रविवारच्या प्रयोगापुरतं परत बोलावलंय. 800 रुपये आणि वडापाव.