ख्रिस्ती ध्यानाच्या शिक्षकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम : बालवर्ग भक्कम, किशोरवर्ग कच्चा

चर्चच्या मंडळीत, शाळेत किंवा घरी ख्रिस्ती ध्यान आणि मूक प्रार्थना शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी तयार केलेला हा अभ्यासक्रम मी पूर्ण केला असून त्यातील पद्धती संडे स्कूलच्या वर्गात वापरूनही पाहिल्या आहेत. त्याचा पाया पक्का आहे. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन (1926–1982) यांनी रुजवलेला एकाच प्रार्थनाशब्दाचा जप, 1970 च्या दशकात अमेरिकेतील ट्रॅपिस्ट संन्याशांनी मांडलेली ‘सेंटरिंग प्रेयर’ (एखादा पवित्र शब्द मनात धरून देवाच्या सान्निध्यात शांत बसण्याची मूक प्रार्थना) आणि बाराव्या शतकातील ‘दुसरा गिगो’ या संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन अशा चार पायऱ्यांत बांधलेले शास्त्रवाचन यांची एरवी सर्रास खिचडी केली जाते; येथे मात्र तिन्हींमधील फरक पहिल्याच धड्यात नीट उलगडून दाखवला आहे.

लहान मुलांचा भाग सर्वांत सरस उतरला आहे. वयाच्या प्रत्येक वर्षामागे साधारण एक मिनिट, म्हणजे सात वर्षांच्या मुलांना सात मिनिटे, हा या परंपरेत रूढ असलेला संकेत पाळला आहे. चित्रफितीतील शिक्षिका मुलांना गप्प बसायला सांगत नाहीत. त्या स्वतः आधी जमिनीवर पाठ ताठ ठेवून बसतात, घंटी वाजवतात, तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबतात आणि मग ‘मा-रा-ना-था’ (‘हे प्रभू, ये’ या अर्थाचा अरामी प्रार्थनाशब्द) ही चार अक्षरे सारख्या लयीत हळू म्हणतात. ध्यान संपल्यावर ‘तुला काय वाटले?’ असा प्रश्न कोणालाही विचारला जात नाही, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटली, कारण तो प्रश्न आला की मुले शिक्षकांना आवडेल असे उत्तर शोधू लागतात.

नेमके हेच भान किशोरांच्या भागात सुटले आहे. मार्काच्या शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तीमयाचा प्रसंग घेऊन, जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांच्या पद्धतीने, यरीहोच्या रस्त्यावरील गर्दीत आपण स्वतः उभे आहोत अशी कल्पना करायला लावणारा धडा चांगला रंगतो. पण त्यानंतर ‘आज मन किती शांत झाले’ याला दहापैकी गुण देण्याचा तक्ता भरून घेतला जातो. मन भरकटले तर स्वतःला दोष न देता पुन्हा शब्दाकडे वळावे, असे शिकवायचे आणि लगेच त्याच भरकटण्याचे गुण मोजायचे, हा विरोधाभास परीक्षांना आधीच विटलेल्या मुलांच्या तत्काळ लक्षात येतो. मी तो तक्ता वर्गात वापरणे बंद केले.

प्रौढांसाठी सकाळ-संध्याकाळ वीस ते तीस मिनिटांचा नेहमीचा क्रम दिला आहे. त्यात नवे काही नाही. ज्येष्ठांच्या भागात खुर्चीवर बसण्याची मुभा आणि मोठ्या टाइपातील शास्त्रपाठ आहेत, मात्र ज्यांना स्तोत्रेच्या स्तोत्रे मुखोद्गत आहेत त्यांच्या या ठेव्याचा उपयोग कोठेच करून घेतलेला नाही. छापील उताऱ्याऐवजी बायबलच्या स्तोत्रसंहितेतील स्तोत्र 46 मधील ‘शांत राहा’ ही ओळ त्यांच्याच तोंडून येऊ दिली, तर चष्मा शोधण्याची वेळसुद्धा येणार नाही.

शोकात असलेल्या किंवा जुना आघात सोसत असलेल्या व्यक्तीला दीर्घ शांततेचा त्रास होऊ शकतो, अशा वेळी डोळे उघडे ठेवणे, वेळ कमी करणे किंवा बैठक मध्येच सोडणे चालते, हे शिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे. त्याविषयी या अभ्यासक्रमात एकही धडा नाही, आणि जोवर तो नाही तोवर नवख्या शिक्षकाने याच्या एकट्याच्या भरवशावर प्रौढांचा गट सुरू करू नये.